नळी पुसायची नाही

११ जानेवारी

आज मला नळी न पुसता मिळाली.

हे आधी लिहून टाकतो, नाहीतर माझं काय, मी गेटवरच्या कुत्र्याबद्दल लिहीत बसेन आणि पान संपून जाईल. (कुत्रं मात्र मजेदार आहे. साहेबांची गाडी आली की शेपूट हलवतं, कामगार आले की भुंकतं. चिमटा म्हणतो, याला कंपनीने कायम केलेलं दिसतंय.)

तर नळी. आमच्या काच कारखान्यात एका बाकावर तिघं काम करतात. मी भट्टीतून लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा उचलतो, पहिली फुंक मारतो आणि नळी वस्तादांना देतो. ते तीच नळी तोंडाला लावून गोळ्याचा फुगा करतात. मग बाकावर बसून, ओल्या लाकडाने आकार देत ती फिरवत राहतात आणि मी दुसऱ्या टोकाशी उकिडवा बसून त्यांच्या "दे" आणि "बस" वर फुंकत राहतो. बरणी झाली की चिमटा ती नेऊन निवायला ठेवतो. चिमटा हे काही त्याचं खरं नाव नाही, तो दिसतोच तसा. औषध कंपन्यांना लागतात त्या मोठाल्या बरण्या आम्ही करतो. एकेकीत लहान पोर मावेल.

म्हणजे नळी एक आणि तोंडं दोन. नव्या माणसाला वस्ताद नळी बाहीने पुसून देतात, पाहुण्याला पेला द्यावा तशी. ज्या दिवशी न पुसता देतात त्या दिवसापासून तो घरचा. आधी कोणी सांगत नाही, विचारायचंही नसतं. आज वस्तादांनी फुगा केला, नळी माझ्याकडे वळवली आणि त्यांचा हात बाहीकडे गेलाच नाही. मला वाटलं, विसरले. तोंडाला लावली तर गरम, ओली. तेवढ्यात सगळ्या बाकांवर लोखंडावर लोखंड बडवायला लागले. माझ्यासाठी! मी इतका गडबडलो की जोरात फुंकलो आणि बरणीला पोट सुटलं.

"पहिलीच बरणी गरोदर," चिमटा ओरडला.

वस्ताद म्हणाले, "हसा. याला आता हाकलता येणार नाही."

कारखान्यात मला पाहुणा म्हणतात. पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं होतं की मी कुठे टिकत नाही. जहाजाच्या तळाचा गंज खरवडला, खाणीत दगड भरले, सर्कशीचे तंबू ठोकले, बेकरीत कणीक तिंबली. शाळेतसुद्धा खिडकीजवळ बसायचो आणि तिथूनच जायचो. इथे मात्र बूड टेकलं आहे. का, ते कळत नाही. काच बघत बसावंसं वाटतं म्हणून असेल.

६ फेब्रुवारी

वस्ताद दोन दिवस रजेवर होते. मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवायला गेले होते. आज आले, चष्मा नाही.

"लागला नाही?" मी विचारलं.

"नाही लागला."

मग दिवसभर गप्प. माणसाला चष्मा लागला नाही तर त्याने खूश व्हायला नको का?

आणि दुपारी पहिल्याच बरणीला त्यांनी नळी पुसली. नुसती बाहीने नाही, खिशातून स्वच्छ फडकं काढून, घासून. मग माझ्याकडे दिली. मला वाटलं काचेचं कुसळ लागलं असेल. दुसरीलाही पुसली. तिसरीला मी त्यांच्याकडे बघितलं. ते बरणीकडे बघत होते.

८ फेब्रुवारी

पुसताहेत.

१५ फेब्रुवारी

पुसताहेतच. कालपासून बाकाजवळ एक लहान पाण्याचं भांडं ठेवलंय, त्याला दवाखान्यासारखा वास येतो. त्यात फडकं बुडवतात. तेवढ्यात काच निवते, आकार बिघडतो. दोन बरण्या फुटल्या. पलीकडच्या बाकावरचे बघतात. एकाने मला विचारलं, "काय रे पाहुण्या, तोंडाला वास येतो का तुझ्या?" सगळे हसले. मीही हसलो. आता घरी येऊन हे लिहितोय तर हसू येत नाही.

चिमटा म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस, म्हातारपणी माणसाला स्वच्छतेचं वेड लागतं, त्याची आजी साबण धुवायची.

मी काय केलं असेल? आठवून पाहिलं. त्यांना कधी उलट बोललो नाही. एकदा त्यांच्या नकला केल्या होत्या, पण त्या बघून तेच सर्वांत जास्त हसले होते.

१ मार्च, रविवार

वस्तादांच्या घरी जेवायला. दर रविवारी असतं, मध्ये दोन-तीनदा त्यांनी टाळलं. आज काकूंनी स्वतः निरोप पाठवला. काकू म्हणजे वस्तादांची बायको. त्यांचे गुडघे गेलेत, खुर्ची सरकवत सरकवत स्वयंपाकघरात फिरतात, पण तोंड भारी चालतं. मला बघून म्हणाल्या, "या, आलात का जावई? मुलगी नाही आम्हाला म्हणून वाचलात."

घर कंपनीचं. दोन खोल्या, मागे फरसबंदी अंगण, समोर एक झाड. वस्तादांनाच मिळतं असं घर, बाकीच्यांनी आपापलं बघायचं. मी राहतो सायकलच्या दुकानावरच्या खोलीत. तिथे ग्रीसचा वास येतो, तो मला आवडतो, पण ते जाऊ दे.

अंगणात दोरीवर रुमाल वाळत होते, वस्तादांचे. काकू ते वेगळ्या पातेल्यात उकळतात. उकळूनही त्यांवर तांबूस डाग राहिलेत. "वस्ताद, घरी रंगकाम काढलंय का?" मी म्हणालो. काकूंनी पानं वाढायला घेतली.

मग एक गंमत झाली. गंमत नाही खरं तर. मी पाणी प्यायला फळीवरचा कप घेतला. एकटाच वरच्या फळीवर होता, कानाला लाल दोरा बांधलेला. ओठाला लावणार एवढ्यात काकू इतक्या जोरात ओरडल्या की पाणी अंगावर सांडलं. "तो नको! तो त्यांचा!" खुर्चीतून उठल्यासुद्धा, ज्या कधी उठत नाहीत. माझ्या हातातून कप हिसकावून घेतला.

मी ओशाळलो. इतकं काय, कपच तो. वस्ताद मान खाली घालून जेवत होते. मधेच खोकत होते. तोंडात सारखी लवंग असते त्यांच्या. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रागावू नकोस रे पोरा." त्यांचे डोळे भरले होते. एका कपापायी! नवऱ्यावर असा जीव असावा.

पण एक कळलं. मी या घरात अजून पाहुणाच आहे.

९ मार्च

आज बोललोच.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर म्हणालो, "वस्ताद, माझ्यापुढे नळी पुसायची नाही."

"का?"

"का म्हणजे? सगळा कारखाना बघतो. तुम्हीच न पुसता दिलीत ना? मग परत कशाला बाहेर काढता? माझी किळस येते का?"

"किळस नाही रे."

"मग?"

त्यांनी बराच वेळ हातातलं फडकं पिळलं. पाणी नव्हतं त्यात, तरी पिळत होते. म्हणाले, "सवय लागली."

"मग सोडा. नाहीतर मी शनिवारी हिशेब करून निघतो. मला कुठेही काम मिळतं. बंदरावर, खाणीवर, कुठेही. माझी काही इथे नाळ पुरलेली नाही."

ते म्हणाले, "तू गेलास तर मला नवा माणूस द्यायला साहेब तयार नाहीत. बाक बंद करतील माझा." मग हळूच म्हणाले, "आणि तू जाऊ नयेस."

इतकं मला कोणी कधी म्हटलेलं नाही. बापानेसुद्धा नाही. त्याने फक्त विचारलं होतं, परत कधी येणार.

दुपारी पहिली बरणी. त्यांनी फुगा केला, फडकं उचललं, माझ्याकडे बघितलं आणि फडकं खाली ठेवलं. नळी तशीच आली.

मी जिंकलो. संध्याकाळी चिमट्याला आणि शेजारच्या बाकाला चहा पाजला.

२२ एप्रिल

खालच्या भट्टीवरचे दोघं छातीच्या रोगाने गेले. म्हणजे मेले नाहीत, कामावरून गेले. कंपनीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं (डॉक्टरांचीही नळी असते, तीही पुसत नाहीत) आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्या हातात कागद. एकाची बायको गेटवर उभी होती. काही ओरडत नव्हती, नुसती उभी. कुत्रं तिच्यावर भुंकलं नाही.

युनियनचा सेक्रेटरी पेटलाय. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारखान्याचा भोंगा बिघडला तरी चालेल असा त्याचा आवाज. त्याच्या मागण्या दोन. एक, प्रत्येक फुंकणाऱ्याला नळीच्या तोंडावर बसवायची स्वतःची पितळी तोटी मिळावी, म्हणजे एकाचं दुसऱ्याच्या तोंडात जाणार नाही. दोन, कामामुळे आजारी पडलेल्याला काढायचं नाही, औषध चालू असेपर्यंत पॅकिंगमध्ये बसवायचं.

मला पहिली मागणी पटली नाही. तोट्या आल्या तर मग घरचा कोण आणि बाहेरचा कोण कसं कळणार? असं मी सभेत उठून बोललो. भोंगा म्हणाला, "बस खाली, कवी." वस्ताद मागे उभे होते, ते तेवढ्यात बाहेर निघून गेले. माझं बोलणं त्यांना भिडलं असावं.

मलाही थोडा खोकला आहे. भट्टीवरून थंड हवेत येतो त्याने.

८ मे

संप.

आम्ही सगळे गेटसमोर बसतो आणि धुराड्याकडे बघतो. भट्टी विझली तर आतली काच गोठून भट्टीच फुटते, मग ना मालक ना कामगार. म्हणून संपातही आळीपाळीने चौघं आत जाऊन जाळ धरतात, हे दोन्ही बाजूंना मान्य. धूर दिसला की सगळ्यांना बरं वाटतं. मालकाशी भांडायचं आणि त्याच्या भट्टीची काळजी करायची. असं लग्न मी कुठे पाहिलेलं नाही.

वस्तादांनी आतलं काम मागून घेतलंय. दिवसभर एकटे बसतात, बाहेर आमच्यात येत नाहीत. लोक कुजबुजतात. मी एकाशी भांडलो.

ताप येतो संध्याकाळी. पँट सैल झाली. काम नसलं की माणूस वाळतोच.

१७ मे

सकाळी खोकताना हातात रक्त आलं. थोडंसं. लाल भडक, सुंदर रंग, काचेत असा लाल आणायला किती खटपट करावी लागते. मी ते बघत उभा राहिलो आणि मग चिमट्याकडे धावलो.

चिमट्याने मला सरकारी दवाखान्यात नेलं. रांगेत तो सारखे विनोद करत होता. फोटो काढला छातीचा. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "घरी लहान मुलं आहेत का?" मी म्हणालो, माझं घरच नाही. त्यांनी मान डोलावली, जणू बरंच झालं. त्यानंतर चिमट्याचे विनोद थांबले.

बरा होतो म्हणाल्या. औषधं खायची, विश्रांती घ्यायची, काही महिने. भट्टीवर जायचं नाही. "किती महिने?" तर म्हणाल्या, "आधी एक तर काढा."

१९ मे

भोंगा खोलीवर आला. मला मिठी मारणार होता, आठवण झाली तसा मधेच थांबला आणि खिडकीला मिठी मारल्यासारखा उभा राहिला.

"तू आमचं सोनं आहेस! ताजा, तरुण, भरती झालास तेव्हा ठणठणीत. कामावर रोग लागला याचा जिवंत पुरावा!"

"जिवंत राहीन ना पण?"

"राहशील रे! पॅकिंगमध्ये बसवू तुला, पंख्याखाली. गवतात बरण्या गुंडाळायच्या. तुझ्यापासून सुरुवात."

पॅकिंगची खोली मला माहीत आहे. खिडकीतून आमचा बाक दिसतो. काम सुटणार नाही म्हणजे. मी औषध घेतलं आणि खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

२३ मे

कंपनीच्या डॉक्टरांनी बोलावलं. चांगला माणूस निघाला. चहा दिला, बसवलं, आधीचं सगळं विचारलं. मी सांगत सुटलो. जहाजाच्या तळाला किती अंधार असतो, खाणीत दगडाचा धुरळा डोळ्यांच्या पापण्यांवर कसा बसतो, सर्कशीतल्या हत्तीला कांदे कसे आवडत नाहीत. डॉक्टर लिहून घेत होते. हत्तीचं नाही लिहिलं. मग बंदरावरच्या धर्मशाळेबद्दल सांगितलं, तिथे शेजारच्या खाटेवरचा म्हातारा सारखा खोकायचा आणि मधेच इतकी छान शीळ घालायचा.

"सारखा खोकायचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो ना. पण शीळ ऐकायला हवी होतीत तुम्ही."

त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "झालं," म्हणाले. मी निघताना माझा कप त्यांनी चिमट्याने, म्हणजे खऱ्या चिमट्याने, उचलला.

२५ मे

भोंगा किंचाळत आला. "तुला कोणी सांगितलं होतं म्हाताऱ्याचं सांगायला? कंपनी म्हणते, रोग बाहेरून आणला! खाणीतून आणला, जहाजातून आणला, त्या शीळवाल्याकडून आणला!"

मी म्हणालो, विचारलं म्हणून सांगितलं.

मग तो शांत झाला, तेव्हा जास्त भीती वाटली. म्हणाला, "एक रस्ता आहे. तुझ्याच नळीला ज्याचं तोंड लागतं त्याची छाती तपासायची. वस्तादांना तुझ्याआधीपासून असेल, तर रोग नळीतूनच आला. मग कंपनीच्या बापाला तुला ठेवावं लागेल."

"आणि माझ्यानंतर झालेला असेल तर?"

भोंगा चप्पल घालून निघून गेला.

मी दिवसभर हाच विचार करतोय. मला झाला तो कुठून तरी बाहेरूनच, डॉक्टर शिकलेला माणूस आहे, तो म्हणतो तर असेल. म्हातारा खोकतच होता. म्हणजे तो रोग घेऊन मी इथे आलो. आणि हट्ट केला की नळी पुसू नका. वस्तादांना पहिल्यापासून काहीतरी जाणवलं असणार, म्हणून बिचारे पुसत होते, माझा मान राहावा म्हणून बोलले नाहीत. आणि मी त्यांना हिशेबाची धमकी दिली.

त्यांचा खोकला आठवला.

२६ मे

वस्तादांकडे गेलो. उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. काकू आत खुर्चीत, वस्ताद दारात पायरीवर. किती वाळलेत.

"तुम्हाला तपासायचं म्हणतात," मी म्हणालो.

"कळलं."

"तपासलं तर?"

त्यांनी समोरच्या झाडाकडे बघितलं. "निघालं काही, तर बाक जाईल. पॅकिंगवाल्याला घर मिळत नाही. हिचे पाय असे. कुठे नेऊ?"

आतून काकू म्हणाल्या, "अहो, सांगा त्याला." वस्तादांनी मान वळवली नाही. काकू पुन्हा म्हणाल्या, "पोरगं उभं आहे समोर. सांगा."

"काय सांगू?" ते ओरडले. त्यांना ओरडताना मी प्रथमच ऐकलं. मग खोकल्याची उबळ आली, लवंग तोंडातून पायरीवर पडली.

मी म्हणालो, "काही सांगू नका वस्ताद. मला कळतंय सगळं. तुमच्यावर काही येऊ देणार नाही."

काकू रडायला लागल्या. मी निघालो. कोपऱ्यावर वळून पाहिलं तर वस्ताद उभे राहिले होते, हात अर्धा वर केलेला, कोणाला हाक मारताना असतो तसा. पण हाक आली नाही.

२८ मे

साहेबांसमोर सही केली. रोग मला इथे येण्याआधीपासून होता आणि मी तो लपवला, असा कागद. साहेब म्हणाले, एवढं झालं की तुमच्या बाकावर कोणाला तपासायची गरज उरत नाही. डोंगरावरच्या दवाखान्यात माझी खाट कंपनी बघेल. साहेबांच्या टेबलावर आमचीच एक बरणी आहे, त्यात काठ्या-छत्र्या ठेवतात. जराशी कलती आहे. पोटाकडे बघून ओळखली. पहिली माझी.

मी ठीक केलं. माझं काय, मी कुठूनही उठतो आणि कुठेही पडतो. त्यांना घर आहे.

फक्त एक गोष्ट. मला इथे राहायचं होतं. हे आधी कुठे झालेलं नाही, त्यामुळे काय करायचं ते माहीत नव्हतं.

२ जून

संप मिटला. तोट्या मिळणार, प्रत्येकाला त्याच्या नंबराची. कामामुळे आजारी पडलेल्याला पॅकिंगमध्ये ठेवणार, पण ते इथून पुढच्यांना. माझा आजार बाहेरचा.

गेटवर गेलो होतो, लोक आत जाताना बघायला. भोंग्याने मला पाहिलं आणि इतरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेवटी पाहुणा तो पाहुणाच. विकला गेला." चिमटा माझ्यासमोरून गेला, बुटाच्या नाडीकडे बघत. त्याच्या बुटाला नाडीच नाही.

वस्ताद सर्वांच्या शेवटी आले. आत गेले. थोड्या वेळाने भोंगा, खरा भोंगा, वाजला आणि मग आतून लोखंडावर लोखंड वाजायला लागलं. संप जिंकला म्हणून. मी भिंतीला टेकून ऐकलं. कुत्रं येऊन पायाशी बसलं. आता आम्ही दोघं गेटबाहेरचे, पण त्याची नोकरी आहे.

जून, तारीख विचारायला हवी

डोंगरावरचा दवाखाना. लांबच लांब व्हरांडा, खाटांची रांग, सगळ्यांची तोंडं दरीकडे. शेजारच्या खाटेवरचा पूर्वी खलाशी होता. आम्ही बंदरांची नावं घेत बसतो. त्याला शीळ येत नाही, मी विचारलं.

वजन वाढत नाही. इथल्या नर्स तसं तोंडावर सांगत नाहीत, तक्त्यावर लिहितात आणि तक्ता उलटा ठेवतात.

जून, रविवार

वस्ताद आले.

व्हरांड्याच्या टोकाला दिसले तेव्हा ओळखू आले नाहीत. कोट कोणा जाड माणसाचा वाटत होता, पण तो त्यांचाच. चढण चढून आलेले, धाप लागलेली. खाटेजवळच्या स्टुलावर बसले. मी म्हणालो, लांब बसा. ते बसले तिथेच.

"बाक?"

"साहेबांनी शेवटी नवा पोरगा दिलाय. बरा आहे."

"पुसून देता?"

"तोटी आहे आता." मग कोटाच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. आत पितळी तोटी, चकचकीत, माझा नंबर कोरलेला. सगळ्यांच्या एकदम करायला दिल्या होत्या, माझं नाव कापायच्या आधी. "फेकून देणार होते. मी आणली."

हातात घेतली. जड आहे, ओठाला गार लागते. मी तिच्यातून दरीकडे बघितलं, मग खलाशाकडे. मग वस्तादांकडे. ते रडत होते. आवाज नाही, नुसतं पाणी.

"तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "डोळे दाखवायला गेलो होतो ना मी..."

मी त्यांना बोलूच दिलं नाही. इतके दिवस पाठ करून ठेवलं होतं, ते एका दमात म्हणून टाकलं. "वस्ताद, आधी माझं ऐका. मला माफ करा. मीच बाहेरून आणलं. तुम्ही पुसत होतात आणि मी अडवलं. तुम्हाला काही झालं तर ते माझ्यामुळे. रोज तेच मनात येतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. असं कोणी माझ्याकडे बघितलेलं नाही. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. एवढा मोठा माणूस, काचेला बोलती करणारा, आणि त्याला शब्द सुचत नव्हता. माझ्या बोलण्याने फार हलले असावेत. शेवटी त्यांनी फक्त माझा हात धरला, आणि त्यांचा तळहात तापलेला होता, भट्टीवरून आत्ता उठल्यासारखा.

"काकूंना सांगा, कपाचं मी कधीच विसरलो," मी म्हणालो.

त्यांना पाणी हवं होतं. खाटेजवळ माझा एकच पेला. मी तो धुतला, मग टॉवेलच्या स्वच्छ टोकाने पुसला, काठ दोनदा पुसला, पाणी ओतलं आणि पुढे केला.

"पुसू नकोस रे," वस्ताद म्हणाले. "माझ्यापुढे पुसू नकोस."

बघा, अजूनही माझा मान राखतात.

ते पाणी प्यायले आणि त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली. रुमाल तोंडावर घट्ट धरून, माझ्याकडे पाठ करून, कितीतरी वेळ खोकले. जाताना वळून बघितलं नाही. व्हरांड्यातून एकेका खाटेचा आधार घेत गेले.

मी नर्सला हाक मारून विचारलं, इथून रोग उडून एवढ्या पटकन लागतो का हो, आत्ताच आलेल्या माणसाला? ती म्हणाली, नाही, वेळ लागतो.

तेवढं एक बरं झालं.